मोटेलातला ‘ट’ कुणाचा?

दोन शब्द कापून सांधलेले शब्द घ्यायचे आणि त्यांच्या तुकड्यांची मुळं शोधायची, दर आठवड्याला एक. आठवडा तिसरा. स्मॉग आणि ब्रंच वहीत उतरवून झाले, आता मोटेल. या शब्दाचा जन्म नेमका सापडतो. डिसेंबर १९२५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सान लुईस ओबिस्पोला वास्तुरचनाकार आर्थर हाइनमन यांनी ‘माइलस्टोन मो-टेल’ उघडलं. मोटर आणि हॉटेल कापून सांधलेलं नाव.

मोटरचा धागा लवकर सुटला. लॅटिन ‘मोवेरे’ म्हणजे हलवणं, ‘मोटर’ म्हणजे हलवणारा. शेवटचा ‘टर’ म्हणजे आपल्या दातृ, नेतृमधला ‘तृ’च. ‘मोवेरे’च्या धातूचा, म्हणजे क्रियापदाच्या मुळाचा, संस्कृतातला भाऊबंद ‘मीव्’ मानतात, अर्थ ढकलणं. मराठीत तो उरला नाही, पण ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात यम-यमी संवादात यमी स्वतःला ‘काममूता’ म्हणते. कामाने ढकललेली. हा ‘मूत’ आणि लॅटिन ‘मोतुस’ (हलवलेला) एका ओळीत लिहिले आणि कितीतरी वेळ नुसती बघत बसले.

हॉटेलवर मात्र सगळा आठवडा गेला. फ्रेंच ओतेल, त्याआधी ओस्तेल, त्याआधी लॅटिन ‘होस्पिताले’ आणि मुळाशी ‘होस्पेस’, म्हणजे यजमानही आणि पाहुणाही. आद्य भारत-युरोपीय भाषेत, म्हणजे संस्कृत, लॅटिन, इंग्रजी यांच्या मानलेल्या पूर्वज भाषेत, त्याची फोड होते ‘घोस्ति’ अधिक ‘पोति’. घोस्ति म्हणजे परका, पाहुणा. इंग्रजी ‘गेस्ट’ तिथलाच. आणि पोति म्हणजे आपला पति, सेनापती-गृहपतीमधला धनी. हॉटेलात पती! (घोस्तिला मी आधी ‘अतिथी’शी जोडलं होतं. ध्वनिनियमात बसेना, काट मारली.)

मग एकेक अक्षराचा माग काढला. ‘होस्पित’मधला प, स आणि त यांच्यात चेपून गेला. पुढे फ्रेंचांनी स गिळला आणि त्याच्या जागी ‘ओ’ या अक्षरावर टोपीसारखी खूण चढवली. घोस्तिचं उरलं ‘हो’, पोतिचा एकटा त. मोटेल सांधताना ‘हो’ही गेला.

राहिला तो त, म्हणजेच मोटेलातला ट. पण तो मोटरमध्येही आहे, तृचा. मग हा कुणाचा? माझा कौल पतीला. मूळ नावातच ‘मो’नंतर आडवी रेघ आहे, म्हणजे ट ठेवणाऱ्याने तो हॉटेलच्या बाजूला ठेवला.

रशियन ‘गोस्पोद’, म्हणजे प्रभू, हाही घोस्ति-पोतिच्या जोडीतूनच आल्याचं मानतात. पुढच्या आठवड्यात तिथून सुरुवात.