प्लगविना प्रवास: बॅगेत मावणारा नेब्युलायझर शोधताना

आधी रात्रभर रेल्वे, मग विमान, आणि शेवटी डोंगरात अशा जागी मुक्काम जिथे जनरेटर संध्याकाळी दोन-तीन तासच चालतो. दम्याच्या माणसाने असा बेत आखला की घरचे आधी त्याच्या तोंडाकडे बघतात, मग बॅगेकडे. औषधाचं धुकं करून ते श्वासातून छातीत पोचवणारं यंत्र म्हणजे नेब्युलायझर. माझं घरचं मशीन कॉम्प्रेसरवालं, म्हणजे हवेच्या दाबाने धुकं करणारं. दीड-दोन किलोचं, घरघर करणारं आणि भिंतीतल्या प्लगला बांधलेलं. घरात त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. आदळलं-आपटलं तरी चालतं. पण डोंगरात ते नेऊन करायचं काय?

लहान मशीन घ्यायचं ठरलं तेव्हा पहिली फेरी डॉक्टरांकडे झाली. मॉडेलचं नाव ऐकूनही न घेता त्यांनी विचारलं, "त्यात औषध कोणतं घालणार?" माझी औषधं दोन. दम लागला तर साल्ब्युटामॉल, आणि तेव्हा चालू असलेलं ब्युडेसोनाइड, श्वासनलिकांची सूज कमी करणारं स्टेरॉइड. साल्ब्युटामॉल म्हणजे साधं द्रावण. ब्युडेसोनाइडचे बारीक कण मात्र पाण्यात न विरघळता तरंगत असतात, म्हणजे ते सस्पेन्शन. निवडीचा निम्मा निकाल इथेच लागला. ध्वनीच्या कंपनांनी धुकं करणाऱ्या अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये द्रव तापतो, आणि असे कण धुक्याबरोबर नीट बाहेर न पडता कपातच मागे राहतात, म्हणून ते मशीन बाद. उरलं मेश मशीन. त्यात हजारो सूक्ष्म छिद्रांची पातळ जाळी सेकंदाला एक लाखाहून जास्त वेळा कंप पावते आणि औषध तिच्यातून तुषार होऊन बाहेर पडतं. हातात मावतं, वजन काहीशे ग्रॅमच्या आत, आवाज जवळजवळ नाहीच. पण सस्पेन्शन काही मेश मशीनना चालतं, काहींना चालत नाही. हे माहितीपत्रकात वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत. "सगळ्या औषधांना चालेल" असं कुणी तोंडी सांगितलं तर मी तिथून उठते.

माहितीपत्रकात मी आणखी दोन गोष्टी शोधल्या. पहिली कणांचा आकार. साधारण १ ते ५ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण खालच्या श्वासनलिकांपर्यंत पोचतात; त्याहून मोठे घशातच बसतात. धुकं दाट दिसतं म्हणून मशीन चांगलं, असं अजिबात नाही. हवा दमट करणाऱ्या शोभेच्या यंत्रातूनही धुकं येतंच की! आयएसओ २७४२७ किंवा त्याआधीचं ईएन १३५४४-१ हे मानक पाळल्याचा उल्लेख असला म्हणजे निदान कुणीतरी मोजमाप केलंय एवढी खात्री पटते. दुसरी गोष्ट म्हणजे वेग. मिनिटाला ०.२५ मिली असेल तर २.५ मिलीच्या कुपीला दहा मिनिटं लागतात. घरी दहा मिनिटं काहीच नाहीत. गाडी बदलताना फलाटावर ती फार मोठी वाटतात. कॉम्प्रेसरच्या कपात शेवटी मिलीभर औषध उरतं, मेशमध्ये त्या मानाने थेंबभरच. म्हणजे त्याच कुपीतून जास्त औषध पोटात नव्हे, छातीत जातं. मशीन बदललं की मात्रेबद्दल डॉक्टरांना विचारायचं ते यासाठीच.

रेल्वेत पहिल्याच रात्री मशीनची परीक्षा झाली. धूळ, बंद खिडक्या, कुणाच्या तरी अत्तराचा भपका. मध्यरात्री छाती आवळायला लागली. वरच्या बर्थवर ताठ बसायला जागा नसते, आणि कॉम्प्रेसरचा कप जास्त कलला की औषध नळीकडे धावतं किंवा धुकंच थांबतं. माझं मशीन अर्धवट रेलूनही चाललं. माउथपीस तोंडात धरून अंधारात औषध घेतलं, खाली झोपलेल्यांना पत्ताही नाही. म्हणूनच तिरपं धरलं तर चालतं का, हे वजनाच्याही आधी बघा असं मी म्हणेन. मोठ्यांनी शक्यतो माउथपीसच वापरावा. मास्कमधून बरंच औषध गालांवर आणि डोळ्यांकडे जातं. ब्युडेसोनाइडनंतर चूळ भरायला मात्र उतरावंच लागलं.

विमानतळावर फारसं काही घडलं नाही, कारण मशीन, औषधं आणि बॅटऱ्या केबिन बॅगेतच होत्या. सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात टाकायला मनाई असते. १०० वॉट-तासांपर्यंत केबिनमध्ये साधारणपणे चालतं. २०,००० एमएएचची पॉवर बँक ७४ वॉट-तासांची होते, म्हणजे बसते. कुप्या मूळ खोक्यात, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. हवेत असताना मशीन लावायचं असेल तर विमान कंपनीला आधी विचारावं लागतं. मी त्या भानगडीत न पडता इनहेलरचा पंप आणि स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, हाताशी ठेवला. आणखी एक, जगात कुठे १२० व्होल्ट तर कुठे २३०. घरचा कॉम्प्रेसर दुसऱ्या व्होल्टेजवर चालेलच असं नाही. यूएसबीवर चार्ज होणाऱ्या मशीनला हा प्रश्न उरत नाही, कारण त्याचे बहुतेक अडॅप्टर १०० ते २४० व्होल्ट घेतात.

आता डोंगर. तिथे पोचल्यावर कळतं की खरा प्रश्न विजेपेक्षा पाण्याचा आहे. बॅटरी एकदा भरली की पुरते. थंडीत तिचा दम लवकर जातो, म्हणून मी मशीन रात्री पांघरुणात घेत असे. पण दर वेळी वापरल्यावर मशीन धुवायचं कुठे? बादलीतलं पाणी जड, भांड्यांवर पांढरे डाग सोडणारं. उकळल्याने जंतू मरतात, क्षार सगळे जात नाहीत, आणि मेशच्या छिद्रांना क्षारच नडतात. मी डिस्टिल्ड वॉटरची छोटी बाटली नेली होती. औषध संपलं की थोडं डिस्टिल्ड पाणी घालून मशीन तसंच चालवायचं, म्हणजे जाळी आतून धुतली जाते. मग कप आणि माउथपीस धुऊन, शेवटी त्याच पाण्याने खंगाळून स्वच्छ कपड्यावर वाळत टाकायचे. जाळीला बोट, कापूस, टाचणी काही लावायचं नाही. नवऱ्याने एकदा मदतीच्या भावनेने रुमाल पुढे केला, तेव्हा मी अशी ओरडले की शेजारच्या खोलीतलं कुणीतरी दार उघडून बघून गेलं.

इतकं जपूनही जाळी कधीतरी तुंबते. ती झिजणारी वस्तू आहे, आणि घेताना कुणी फारसं विचारत नाही तो प्रश्न हाच: मेशचा भाग वेगळा मिळतो का, आणि स्वतःला बदलता येतो का? माझ्या पसंतीचं एक देखणं मशीन मी केवळ यासाठी सोडलं. जाळी गेली की सगळं मशीन फेकायचं, हे प्रवासात परवडत नाही.

आणि हो, पंप आणि स्पेसर. सौम्य ते मध्यम अटॅकमध्ये स्पेसरमधून घेतलेला पंप नेब्युलायझरइतकाच काम करतो, हे अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलंय. त्याला ना वीज लागते ना जाळी. डोंगरातल्या शेवटच्या दोन दिवसांत मी मशीन बाहेर काढलंसुद्धा नाही. ज्यांना पंप नीट ओढता येतो त्यांनी नवं मशीन घेण्याआधी डॉक्टरांना सरळ विचारावं की मला प्रवासात ते लागेलच का. औषध घेऊनही दम कमी होत नसेल, किंवा थोड्याच वेळात परत लागत असेल, तर पुढची कुपी फोडत बसण्यापेक्षा गाडी दवाखान्याकडे वळवायची. हे आम्ही निघण्याआधीच ठरवलं होतं, जवळचा दवाखाना कुठे आहे ते बघून.

पुढचा प्रवास एकाच गावात महिनाभर राहायचा आहे, खोलीत प्लग आणि नळाला भरपूर पाणी. तिथे मी मेश नेणार नाही. लहान कॉम्प्रेसर मिळतात, आवाज करतात, पण मळलेल्या कपाला उकळतं पाणी दाखवलं की पुन्हा कामाला लागतात.