'लेखक क्रमांक' नावाचा रकाना: माझा अनुभव

पीएचडी झाली, बाहेर दोन पोस्टडॉक (पीएचडीनंतरची संशोधनाची कामं) झाले, त्याबद्दल काही सांगत बसत नाही. अडकले ती इथे परत आल्यावर, असिस्टंट प्रोफेसरच्या अर्जात, विद्यापीठाचं नाव घेत नाही. प्रत्येक पेपरचा लेखक क्रमांक लिहा आणि पहिल्या पानाची झेरॉक्स जोडून त्यावर स्वतःचं नाव अधोरेखित करा!

मी सर्न या जिनिव्हाजवळच्या कणभौतिकी प्रयोगशाळेतल्या सीएमएस नावाच्या प्रयोगावर काम केलंय. आमच्या पेपरच्या पहिल्या पानावर बहुतेक वेळा फक्त 'सीएमएस कोलॅबोरेशन' (म्हणजे अख्खा गट) एवढंच असतं, माणसांची नावं पार शेवटी, दोन हजारांच्या वर, आणि तीही देशांच्या इंग्रजी अक्षरक्रमाने, म्हणजे आधी आर्मेनिया मग ऑस्ट्रिया असं करत भारत, आणि मग आपल्या संस्थेत आडनावाप्रमाणे. क्रमांकाचा कामाशी काडीचा संबंध नाही. 2015 मध्ये सर्नचाच दुसरा प्रयोग अ‍ॅटलस आणि सीएमएसचा मिळून हिग्ज बोसॉन या कणाच्या वस्तुमानावर पेपर आला, 33 पानांतली 24 पानं नावं आणि संस्थांची, 5154 लेखक. तोही नेला होता दाखवायला. खिडकीवरचे साहेब म्हणाले, "मॅडम, यात तुमचं नाव कुठंय?" शेवटची पानं काढून दाखवलं तर तिथे आद्याक्षर आणि आडनाव, त्यावर "या तुम्हीच कशावरून?" तीन चकरा झाल्या, तरी छाननीच्या यादीत माझ्यापुढे 'त्रुटी'. त्या रात्री खरंच रडू आलं. 2013-14 च्या शटडाउनमध्ये, म्हणजे यंत्र दुरुस्तीसाठी बंद असताना, सीएमएसच्या हॅड्रॉन कॅलोरिमीटरच्या (कणांची ऊर्जा मोजणाऱ्या भागाच्या) बाहेरच्या थरात सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर (अगदी मंद प्रकाश टिपणारे सेन्सर) बसवले, त्यांच्या चाचण्यांत मी होते, फ्रान्समधल्या सेसीला सीएमएसच्या कंट्रोल रूममध्ये रात्रीच्या शिफ्ट केल्या, यातल्या कशालाच त्या फॉर्ममध्ये जागा नाही.

शेवटी हरकत अर्ज दिला, सोबत गाइडचं लेटरहेडवर पत्र, कुठल्या अ‍ॅनालिसिसमध्ये नेमकं काय मी केलं ते पेपरवार लिहिलेलं, आणि लेखक यादी कशी लागते तेही त्यातच. त्यानंतर 'त्रुटी'चा शेरा हटला. म्हणून सांगते, हे पत्र पीएचडी संपतानाच घ्या, नंतर गाइड रिटायर होतात, गटाचे कन्व्हीनर (प्रमुख) बदलतात. इंटर्नल नोटवर (गटातल्या गटात फिरणाऱ्या तपशीलवार टिपणावर) मोजकीच नावं असतात पण ती नोट बाहेर दाखवता येत नाही, पत्रात तिचा उल्लेख करून घ्या. कॉन्फरन्समधल्या टॉकचं सर्टिफिकेट जपा, तिथे तुमचं एकटीचं नाव असतं. अरे हो, ऑर्किड (ORCID) नंबर, म्हणजे संशोधकाचा कायमचा ओळख क्रमांक, पहिल्या वर्षीच काढा, लग्नानंतर आडनाव बदललं तर दोन्हीकडचे पेपर त्याच नंबरावर राहतात.

मुलाखत पुढच्या महिन्यात आहे, पत्राच्या चार प्रती काढून ठेवल्यात.