थायलंडमध्ये पंचशील ‘विसुं विसुं’ मागतात

भन्ते, म्हणजे बौद्ध भिक्खू, समोर असले की आपल्याकडेही आधी शीलाची याचना होते. थायलंडच्या विहारांतल्या याचनेत मात्र काही शब्द जास्तीचे ऐकू येतात: ‘मयं भन्ते विसुं विसुं रक्खणत्थाय तिसरणेन सह पञ्च सीलानि याचाम.’ विसुं विसुं म्हणजे वेगवेगळं. पाचही शीलं, म्हणजे प्राणघात, चोरी, व्यभिचार, खोटं आणि नशा यांपासून दूर राहणं, एक-एक करून पाळण्यासाठी मागितली जातात. त्यामुळे एक मोडलं तरी उरलेली चार शाबूत राहतात आणि मोडलेलं पुन्हा घेता येतं. रात्री कंपनीच्या जेवणात ग्लास हातात घेतलेला माणूस सकाळी ‘आता सगळंच गेलं’ म्हणून खोटं बोलायला मोकळा होत नाही. शील सोडून देणारे पुष्कळ जण असे एका चुकीपायी पाचही सोडतात. इथल्या याचनेने ती पळवाट बंद केली आहे, आणि ही याचना आपणही शिकून घ्यावी अशी आहे.

आपण रोज म्हणतो त्या ‘सिक्खापदं समादियामि’चा अर्थही याला धरूनच आहे. सिक्खापद म्हणजे शिकण्याची पायरी. आज्ञा नव्हे.

पण मोडलं की नाही, हे ठरवायचं कसं? त्यासाठी पाली अट्ठकथांनी, म्हणजे बुद्धवचनांवरच्या जुन्या भाष्यांनी, प्रत्येक शीलाचे घटक सांगून ठेवले आहेत. प्राणघाताचे पाच: जीव असणं, तो जीव आहे हे माहीत असणं, मारण्याचा हेतू, त्यासाठी केलेली कृती आणि त्यातून मृत्यू. पाचही जुळले तरच शील मोडतं. झाडू मारताना नकळत मुंगी मेली तर हेतू नाही, शील शाबूत. डेंग्यूच्या देशात राहणाऱ्याला हा हिशोब रोज लागतो. चपराक मारलेल्या डासात पाचही घटक पुरे होतात. मच्छरदाणी, खिडकीची जाळी, अंगाला लावायचं मलम यांत मारण्याचा हेतूच नाही. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून पूर्ण डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस घेतो. म्हणून कुंडीखालच्या बशा रोज कोरड्या ठेवायच्या, पिंपावर घट्ट झाकण घालायचं, फुलदाणीचं पाणी दोन दिवसांनी बदलायचं आणि भांडं आतून घासायचं, कारण अंडी काठाला चिकटून राहतात. पाणीच साठू दिलं नाही तर मारण्याची वेळ येत नाही. इथे शील पाळणं म्हणजे आठवडाभर आधी विचार करणं.

खोटं बोलण्याचे घटक चार: गोष्ट खोटी असणं, फसवण्याचा हेतू, तसं सांगण्याचा प्रयत्न आणि समोरच्याला ते समजणं. मोबाईलवरही ते जसेच्या तसे लागू पडतात. ‘निघालोय’ असा मेसेज घरात बसून पाठवला आणि समोरच्याने वाचला की चारही पुरे झाले. त्यात एक शब्दही तोंडातून निघालेला नसतो, हे विशेष.

आता सकाळचं पिंडपात, म्हणजे भिक्खूंची भिक्षाफेरी. त्यांच्या पात्रात अन्न घालण्याला थाय भाषेत ‘तक बात’ म्हणतात, आणि दान द्यायला काय काय लागतं हे शिकायला याहून चांगली जागा नाही. उजाडताना, साधारण सहाच्या सुमारास, भिक्खू अनवाणी निघतात. देणाऱ्याने पायातलं काढायचं, कारण घेणारा अनवाणी असताना आपण चप्पल घालून उंच उभं राहायचं नाही. भिक्खू थांबले की आधी भात, मग कालवणाची पिशवी. ही पिशवी उकळती भरू नये. रबरबँडची गाठ सुटते, आणि स्टीलचं पात्र तापलं की अनवाणी चालणाऱ्या माणसाला ते तासभर पोटाशी धरून ठेवावं लागतं. कोमट होऊ द्या, हवा काढून बांधा आणि हळूच ठेवा. स्त्रियांनी वस्तू थेट भिक्खूंच्या हातात द्यायची नाही. पात्रात ठेवायची, किंवा भिक्खूंनी पसरलेल्या कापडावर. भिक्खू आभार मानत नाहीत आणि त्यांनी मानावेत अशी अपेक्षाही कोणी धरत नाही. देणारा खाली बसून हात जोडतो आणि भिक्खू म्हणतात: ‘अभिवादनसीलिस्स निच्चं वुड्ढापचायिनो, चत्तारो धम्मा वड्ढन्ति, आयु वण्णो सुखं बलं.’ म्हणजे नित्य वडीलधाऱ्यांचा मान राखणाऱ्याच्या चार गोष्टी वाढतात: आयुष्य, वर्ण, सुख आणि बळ. घरच्या वंदनेत ही गाथा ऐकलेल्यांना ती परक्या रस्त्यावर कानी पडली की चटकन ओळखू येते.

पात्रात पैसे टाकू नका. सोनं-चांदी, म्हणजेच पैसा स्वीकारणं विनयात, म्हणजे भिक्खूंच्या नियमावलीत, मना आहे, त्यामुळे नोट टाकून आपण त्यांचा नियम मोडायला हातभार लावतो. मंडईच्या तोंडाशी एकाच जागी तासन्‌तास उभं राहून पात्र भरणारा, आणि त्याच्या शेजारच्या गाड्यावर त्याच पिशव्या पुन्हा विकायला आलेल्या, असं दिसलं तर पुढे चालू लागा. भिक्षा चालत मागायची असते.

सगळ्यात मोठी चूक मात्र प्रेमापोटी होते. आपल्या दिवंगत माणसाला आवडायचं ते द्यायचं म्हणून लोक नारळाच्या दुधातलं कालवण, तळलेलं मांस, गोड पदार्थ आणि बाटलीबंद गोड पेयं घालतात. काय मिळावं हे भिक्खू निवडू शकत नाहीत. पात्रात पडेल त्यातलंच खायचं, आणि तेही दुपारच्या आत. दुपारनंतर भूक लागली की गाळलेला फळांचा रस किंवा साखरेचं पेय असंच काही चालतं, म्हणजे पुन्हा साखरच. मधुमेह, रक्तदाब आणि स्थूलपणा हे इथल्या भिक्खूंचे नेहमीचे आजार झाले, आणि 2017 मध्ये भिक्खूंच्या आरोग्यासाठी राष्ट्रीय सनद करावी लागली. दान देणाऱ्याच्या हातून आजार दिला जात असेल तर हेतू शुद्ध असून भागत नाही. हातसडीचा भात, उकडलेल्या भाज्या, मासा, कमी मीठ, साखर न घातलेलं दूध आणि साधं पाणी, इतकं पुरतं. मांस द्यायचंच तर ते त्यांच्यासाठी मारलेलं नसावं. तसं पाहिलेलं, ऐकलेलं किंवा नुसती शंका असली तरी ते त्यांना चालत नाही.

फळांचं एक बारीक काम नवख्यांना ठाऊक नसतं. रुजू शकेल असं बी असलेलं फळ सबंध दिलं तर विनय काटेकोर पाळणारे भिक्खू ‘कप्पियं करोहि’, म्हणजे ‘चालेल असं कर’, म्हणतात. त्या वेळी उपासकाने सुरीचं टोक फळाच्या सालीत खुपसायचं आणि ‘कप्पियं भन्ते’ म्हणायचं. फळं एकमेकांना टेकलेली असतील तर एकाला टोचलं तरी सगळी चालतात. बीजालाही इजा करायची नाही, हा नियम भिक्खूंच्या बाजूने असा पाळला जातो.

संघदानाची पिवळी प्लॅस्टिकची बादली दुकानात तयार मिळते. ती वरून भरलेली दिसते. आत कधी मुदत संपत आलेली औषधं, साबणाचा वास लागलेला चहा आणि कोणालाच न पुरणारं तोकडं चीवर (भिक्खूंचं वस्त्र) निघतं. स्वतः भरलेली बादली बरी: दाढीची पाती, टूथब्रश, बॅटरी, वह्या, क्षारसंजीवनी, तारीख पाहून घेतलेल्या गोळ्या, आणि साबण वेगळ्या पिशवीत. अन्न असेल तर सकाळीच न्या. दुपारनंतर न्यावं लागलं तर ते भिक्खूंच्या हातात देऊ नका, विहाराच्या सेवकाकडे ठेवा. भिक्खूंनी एकदा हातात स्वीकारलेलं अन्न दुसऱ्या दिवसासाठी साठवून खाता येत नाही, त्यामुळे अवेळी हातात दिलेलं सगळं त्यांच्यापुरतं वाया जातं. तूप, लोणी, तेल, मध आणि साखर यांना औषध म्हणून सात दिवसांची सूट आहे.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे दानाचं पुण्य दिवंगतांना अर्पण करताना ओतायच्या, पाण्याचीही वेळ ठरलेली. ज्येष्ठ भिक्खू एकटे ‘यथा वारिवहा पूरा’ म्हणू लागले की दुसऱ्या भांड्यात धार सोडायची, आणि बाकीचे ‘सब्बीतियो’ला सूर मिळवतात तोवर भांडं रिकामं करायचं. मग ते पाणी झाडाच्या मुळाशी ओतायचं.

चांद्रमासात चार दिवस ‘वन फ्रा’, म्हणजे धार्मिक व्रताचे दिवस, असतात: दोन्ही पक्षांतल्या अष्टमी, पौर्णिमा आणि अमावास्या. थाय दिनदर्शिकेत त्या तारखांवर छोटी बुद्धमूर्ती छापलेली असते. त्या दिवशी अष्टशील, म्हणजे दुपारनंतरचं जेवण, करमणूक आणि उंच बिछाना सोडण्यासह आठ शीलं, घेतात, आणि ते विसुं विसुं नसतं. आठ अंगांचा एकच उपोसथ (त्या दिवसाचं व्रत), एक अंग मोडलं की तो मोडला. पण मुदत फक्त एक दिवस आणि एक रात्र. नोकरी सांभाळून करायचं तर शेवटचं जेवण साडेअकराला उरका. बँकॉकमध्ये सूर्य माथ्यावर येतो तो वर्षभर बारानंतरच, त्यामुळे घड्याळात बारा वाजायच्या आत संपवलं की शंका राहत नाही. सकाळी भात आणि डाळ पोटभर खा. नुसत्या फळांवर राहिलात तर चारला डोकं दुखेल. चहा-कॉफी घेत असाल तर बिनदुधाची घ्या, कारण दूध अन्नात धरतात. संध्याकाळी सातच्या सुमारास भूक सर्वांत जास्त लागते आणि मग आपोआप ओसरते. गाणी, नाटक-सिनेमा आणि अत्तर यांवरची बंदी आज मोबाईलच्या पडद्यावर येऊन ठेपते. भूक विसरायला हात तिकडेच जातो, म्हणून मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून जमिनीवर अंथरूण घाला.

दुसऱ्या दिवशी तळहातावरच्या रेषा दिसू लागल्या की उपोसथ सुटतो. तीच भिक्खूंची निघायची वेळ. त्यामुळे रात्रभर उपाशी राहिलेल्याच्या हातातला पहिला भात आधी पात्रात जातो.