चंद्रावर सपाट जागा शोधायची म्हणजे

येळ्ळूरचा आमचा भाचा परवा म्हणतोय, "मामा, चंद्राचे एवढे फोटो हाईत की ओ, एक सपाट जागा बघायची आणि यान टेकवायचं, त्यात काय एवढं?"

आता वरून सपाट दिसली म्हणून जागा सपाट असतेच असं नाही ना. फोटोतल्या एका ठिपक्यात जमीन किती मावते त्यावर सगळं. १९७६ ला नासाचं व्हायकिंग १ यान मंगळापाशी पोचलं, उतरायची तारीख ४ जुलै, अमेरिकेला २०० वर्षं पुरी होणारा दिवस! पण वरून काढलेल्या फोटोत जागा लई खडबडीत दिसली, मग तारीखच रद्द, दुसरी जागा हुडकून २० जुलैला उतरवलं. आपल्याकडं असा मुहूर्त कोण मोडला असता काय, मला डाउट हाय. आणि एवढं करूनही उतरल्यावर बघतात तर शेजारीच दोनेक मीटरचा धोंडा, कारण एवढी बारीक वस्तू त्या वेळच्या कॅमेऱ्याला वरून दिसायचीच नाही.

चांद्रयान-२ चं लँडर, म्हणजे खाली उतरणारा भाग, २०१९ ला आपटलं पण ऑर्बिटर, म्हणजे चंद्राभोवती फिरणारा भाग, शाबूत राहिलं, त्यावरचा ओएचआरसी कॅमेरा १०० किलोमीटरवरून पाव मीटरपर्यंतचं टिपतो. मला यातली भारी वाटते ती सावली. संध्याकाळी नांगरलेल्या शेतात ढेकूळ न् ढेकूळ उठून दिसतंय बघा, दुपारी तेच शेत सपाट वाटतंय, तसंच. सूर्य क्षितिजाच्या १० अंश वर असला तर एक मीटरच्या धोंड्याची सावली साडेपाच मीटरच्या वर पडते, ती मोजायची आणि उंची काढायची. चंद्राच्या दक्षिण टोकाकडं ऊन तिरकंच, म्हणून हे जमतं, पण त्याच सावलीत खड्डे लपतात, मग वेगवेगळ्या उन्हातले फोटो लागतात. शिवाय एकाच जागेचे दोन कोनांतून फोटो घेऊन चढउताराचा नकाशा करतात, चंद्राभोवती फिरणाऱ्या नासाच्या एलआरओ यानानं लेझरनं मोजलेल्या उंचीशी तो ताडून बघता येतो.

चांद्रयान-२ ला उतरायला ५०० बाय ५०० मीटरचा तुकडा धरलेला, चांद्रयान-३ ला ४ बाय २.४ किलोमीटर. एवढी मोठी बिनधोक्याची जागा हुडकणं हे खरं काम, टीव्हीवर ते कोण दाखवत नाही. आणि तरीबी २३ ऑगस्ट २०२३ ला विक्रम, म्हणजे चांद्रयान-३ चं लँडर, दीडशे मीटर उंचीवर थांबलाच, खालची जमीन स्वतःच्या कॅमेऱ्यानं परत एकदा बघून घेतली, मगच खाली गेला.