कुठल्याही सॉकेटात कुठलाही सेन्सर: घरगुती मिडी कंट्रोलरच्या वायरिंगचा माझा अनुभव

मिडी कंट्रोलर म्हणजे सेन्सरचे आकडे मिडी संदेश बनवून सिंथला (इलेक्ट्रॉनिक वाद्याला) पाठवणारा डबा. त्याला चार सॉकेट आणि कुठल्याही सॉकेटात कुठलाही सेन्सर चालावा, असं हवं असेल तर प्रत्येक सेन्सरचे लाड त्याच्याच बाजूला पुरवायचे, डब्यात नाही. डब्याला फक्त ५ व्होल्ट, ग्राउंड आणि ० ते ५ व्होल्टमधला सिग्नल दिसावा. आतला मायक्रोकंट्रोलर बोर्ड मी प्रो मायक्रो वापरतो, कारण त्यातली ३२यू४ चिप यूएसबीवरून थेट मिडी पाठवते.

कनेक्टर म्हटलं की पहिल्यांदा ३.५ एमएमचा स्टिरिओ जॅक आठवतो. पण तो खोचताना आतले संपर्क सरकत जातात आणि ५ व्होल्ट-ग्राउंड क्षणभर शॉर्ट होऊ शकतात. ५ व्होल्टच्या वायरीत १०० ओहम टाकून हे निभावतं, तरी शार्प कंपनीचा अंतर मोजणारा सेन्सर ३० मिलीअँपिअरच्या आसपास करंट ओढतो. म्हणजे ३ व्होल्ट त्या रेझिस्टरवरच गेले. म्हणून चार पिनांचा जीएक्स-१२ हा गोल धातूचा कनेक्टर. त्याला खाच असते, उलटा बसत नाही.

वायर माइकची, दोन कोअरची शील्डवाली. मिरवणुकांमुळे सोलापुरात साउंडवाल्यांची कमी नाही, त्यामुळे ती मीटरवर सहज मिळते. पिन १ ला ५ व्होल्ट, २ ला सिग्नल, ३ ला शील्ड म्हणजे ग्राउंड. पिन ४ कुठला सेन्सर लावलाय हे ओळखायची: प्लगच्या आतच ४ आणि ३ मध्ये एक रेझिस्टर, त्यामुळे तिसरी कोअर लागत नाही. पाव वॅटचा रेझिस्टर आत अडचणीने बसतो, अष्टमांश वॅटचा घ्या. डब्यात पिन ४ ला १० केचा (के म्हणजे हजार ओहम) पुल-अप, म्हणजे ५ व्होल्टकडे जोडलेला रेझिस्टर. मग प्लगमध्ये १ के असेल तर ० ते १०२३ मधलं रीडिंग ९३ च्या आसपास, ३.३ केला २५४, १० केला ५१२, ३३ केला ७८५, आणि सॉकेट रिकामं असेल तर १०२३. ओळख बदलली की ५० मिलीसेकंद थांबूनच सिग्नल वाचा, नाहीतर खोचतानाच्या थरथरीत सिंथचा फिल्टर उड्या मारतो.

पॉट, म्हणजे फिरवायचा नॉब, १० केचा लिनिअर. तीन पाय, तीन वायरी, संपलं. प्रकाशाचा एलडीआर आणि दाबाचा एफएसआर दोन पायांचे: एक पाय ५ व्होल्टला, दुसरा सिग्नलला, आणि सिग्नल ते ग्राउंड १० के. एफएसआरच्या पायांना थेट डाग देऊ नका. प्लास्टिकची फिल्म वितळते. फीमेल हेडरमध्ये खोचा. शार्पजवळ ५ व्होल्ट आणि ग्राउंडमध्ये ४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर हवाच. त्याच्या १० ते ८० सेंटिमीटरवाल्या मॉडेलसमोर हात १० सेंटिमीटरच्या आत नेला की आकडा वाढायच्या ऐवजी उतरतो. स्टेजवर याने हमखास घोळ होतो, तेव्हा सेन्सर डब्यात १० सेंटिमीटर खोल बसवलेला बरा.

डब्यात प्रत्येक सिग्नलला ग्राउंडकडे १०० के, म्हणजे रिकामं सॉकेट तरंगत नाही; आणि ०.१ मायक्रोफॅरड, म्हणजे आकडा शांत राहतो. पण पिझोची, म्हणजे ठोका ओळखणाऱ्या चकतीची, गंमत इथेच संपते. त्याचा स्वतःचा कपॅसिटन्स काही दहा नॅनोफॅरड, म्हणून हा १०० नॅनोचा कपॅसिटर ठोक्याचा बराचसा व्होल्टेज गिळून टाकतो. चारपैकी एक सॉकेट या कपॅसिटरविना ठेवा आणि पिझो फक्त तिथेच लावा. पिझोच्या बाजूला १ मेगओहम समांतर, सिरीजमध्ये १० के आणि त्यापुढे सिग्नल ते ग्राउंड ५.१ व्होल्टचा झेनर डायोड, जो जास्तीचा व्होल्टेज अडवतो. जोराच्या ठोक्याला पिझो याहून कितीतरी जास्त व्होल्ट देतो.

कोडमध्ये १०-बिट आकड्याला ८ ने भागून ० ते १२७, पण शेवटी पाठवलेल्या १०-बिट रीडिंगपेक्षा किमान १० चा फरक पडला तरच पाठवा. नाहीतर सीमेवरचा आकडा ६३-६४ करत मिडीचा पूर आणतो.

पहिल्यांदा खोचण्याआधी प्रत्येक प्लगच्या पिन १ आणि ३ मध्ये मल्टिमीटरचा बझर लावून बघा; वाजला तर शील्डचा एखादा केस शेजारच्या पिनला चिकटलाय. आणि वायरी आत हॉट ग्लूने अडकवू नका. मे महिन्यात पत्र्याखाली ठेवलेल्या डब्यात तो मऊ पडून सुटतो. केबल टाय लावा.