आमची वाटचाल : 23.1 मिलिमीटरचं चाक

आपल्या सैन्याच्या टी-55 रणगाड्याचं मॉडेल कुणी 1/35 मापात (खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढं) करायला घेतलं की पहिली अडचण तोफेची येते. किटमध्ये, म्हणजे जोडायच्या सुट्या भागांच्या खोक्यात, मूळ 100 मिमीची रशियन तोफ असते. आपल्या बऱ्याच टी-55 वर पुढे 105 मिमीची बसली. रशियन तोफेचा फ्यूम एक्स्ट्रॅक्टर (नळीतला धूर बाहेर काढणारा फुगीर भाग) नळीच्या पार टोकाशी, तर एल-7 या ब्रिटिश जातीच्या 105 चा नळीच्या मध्याजवळ. मॉडेलचे सुटे भाग करून विकायचा आमचा धंदा या एका नळीवर उभा राहिला आणि चाकांपायी बुडता बुडता वाचला.

नळी आम्ही ॲल्युमिनियमच्या सळईतून लेथवर काढतो. 105 भागिले 35, म्हणजे तोंडाचं भोक नेमकं 3 मिमी. क्रम चुकवू नका. आधी भोक, मग त्याच भोकात रिव्हॉल्व्हिंग सेंटर (सळईसोबत फिरणारं टोकदार आधाराचं टोक) टेकवून टेपर, म्हणजे नळीचा निमुळता उतार. आधी टेपर काढला तर ड्रिल भरकटतं आणि तोंडाची कड फाटते. एवढी लांब, बारीक सळई मध्यावर टूलच्या दाबाने लवते, म्हणून तिथे ती जाड राहते. शेवटचे काप 0.1 मिमीचे घ्या आणि दर कापाला तीन जागी मायक्रोमीटर लावा. फ्यूम एक्स्ट्रॅक्टर मात्र वेगळा, रेझिनचा. एल-7 चा एक्स्ट्रॅक्टर नळीशी समकेंद्री नसतो, एका अंगाला फुगलेला असतो. आमच्या पहिल्या नळीवर तो सरळ गोल होता. चिलखती दलातून निवृत्त झालेल्या दफेदार काकांनी ती हातात घेतली, आडवी धरली आणि म्हणाले, "ही आपली तोफ नाही." दुरुस्त केलेली पहिली नळी त्यांनीच विकत घेतली, आणि चाकांची पहिली ऑर्डरही त्यांचीच.

टी-55 ला एका बाजूला पाच चाकं, प्रत्येक चाक दुहेरी. म्हणजे एका रणगाड्याला 20 चकत्या. खरा व्यास 810 मिमी, मॉडेलवर 23.1. नगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये खरे रणगाडे डोळ्यांसमोर आहेत. मोजायचं असेल तर आधी परवानगी घ्या, आणि रबराच्या कडेवर विसंबू नका. ती झिजलेली असते. आतली पोलादी चकतीही मोजा.

मास्टर, म्हणजे ज्यावरून रबरी साचा काढून रेझिनची चाकं ओततो तो मूळ नमुना, स्टायरीन प्लॅस्टिकच्या शीटचा. 1 मिमीच्या दोन चकत्या कंपास कटरने कापायच्या, 72 अंशांवर पाच खुणा, त्यांवर 0.5 मिमी पट्टीच्या बरगड्या. दोन मोठे पृष्ठभाग पातळ सिमेंटने चिकटवले की सॉल्व्हंट आत कोंडतं, शीट आतून मऊ पडते आणि चार दिवसांनी चकती वाकते. आतल्या चकतीला 1 मिमीची सात-आठ भोकं पाडा, सॉल्व्हंटला वाट मिळते. घासण्याआधी निदान 48 तास थांबा. घाई केलीत तर सांधा नंतर खाली बसतो आणि रंगाखाली रेघ उमटते.

मधली वर्षं नीट गेली. मग तो पावसाळा आला.

चाकांचे सलग तीन घाणे फसफसले. पॉलियुरेथेन रेझिनमधल्या आयसोसायनेटला पाणी मिळालं की कार्बन डायऑक्साइड सुटतो, आणि चाक पावासारखं जाळीदार होतं. आमचे डबे अर्धे रिकामे, उघडझाप झालेले, आणि भरणाची टाल्कम भुकटी ओल धरलेली. आम्ही दोष हवेच्या बुडबुड्यांना दिला आणि प्रेशर पॉट घेतला, म्हणजे साचा हवेच्या दाबाखाली ठेवायचं भांडं, 40 पीएसआय दाबाचं. त्याने दुसरंच दुखणं उपटलं. साच्याचं रबर दाबाविना सुकवलेलं होतं, त्यातले बुडबुडे दाबाखाली आक्रसले आणि प्रत्येक चाकावर पुटकुळ्या उठल्या. सगळे साचे फेकावे लागले. पैसे परत करताना खातं रिकामं झालं. दफेदार काकांनी परत मागितले नाहीत, "चाकं द्या" एवढंच म्हणाले.

तेव्हापासून रेझिन एक किलोच्याच पॅकमध्ये घेतो, टाल्कम ओव्हनमध्ये भाजून बरणीत सिलिका जेलसोबत ठेवतो, आणि ओतण्याआधी साचा 50 अंशांवर तासभर कोरडा करतो. रबर ज्या दाबाखाली सुकतं त्याच दाबाखाली रेझिन. या धंद्यात पडणाऱ्याने हे आधी करावं, मग कॅटलॉग छापावा.

त्याच हंगामात, आमच्याकडे माल नसताना, आमचीच चाकं निम्म्या भावात बाजारात आली. नाव घेत नाही. मास्टरच्या मागच्या अंगाला कंपासच्या टोकाचा एक जादा टोचा राहून गेला होता. त्या चाकांवर तो जागच्या जागी होता. व्हर्नियर लावला तर 22.95. ओतीव चाकावरूनच (कास्टिंग) साचा घेऊन नक्कल केली की कथिल-क्युअर रबर (कथिलाच्या संयुगाने घट्ट होणारं स्वस्त सिलिकॉन) आकसतं, रेझिनही आकसतं, मिळून अर्धा-पाऊण टक्का. चाकावर हे डोळ्याला दिसत नाही. 170 मिमी लांबीच्या भागावर साधारण एक मिलिमीटरचा फरक पडतो आणि भाग किटच्या सांगाड्याला पोचतच नाही. असे आखूड भाग घेऊन लोक आमच्याकडे तक्रारीला आले. हे अजून विसरलेलो नाही. मास्टरसाठी चार-चार रात्री जागणाऱ्याचा माल दोन दिवसांत ढापायचा, आणि बदनामी मूळ करणाऱ्याची. स्वस्त चाक घेण्याआधी व्हर्नियर लावा, एवढं प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो.

आता कामाच्या बाकावर विजयंता या आपल्या जुन्या रणगाड्याची चाकं आहेत. बाजूला सहा, दुहेरी, एकूण 24 चकत्या. यांचा साचा प्लॅटिनम-क्युअर रबराचा. महाग पडतं, पण जवळपास आकसत नाही. फक्त गंधकवाल्या क्लेचा स्पर्श झाला की तेवढी जागा चिकट राहते, म्हणून साच्याच्या भिंतींना बिनगंधकी क्ले लावली आहे. पहिलं कास्टिंग सात दिवस कपाटात राहील. नंतर मोजू, आणि माप बसलं तर पहिला सेट काकांकडे जाईल.