एजंटकडे कादंबरी पाठवताना

लंडन-न्यूयॉर्कचे बडे प्रकाशक थेट आलेली कादंबरी सहसा उघडतही नाहीत. ती एजंटमार्फतच, म्हणजे लेखकाच्या वतीने प्रकाशकाला पुस्तक विकणाऱ्या मध्यस्थामार्फतच, जावी लागते. ब्रिटनमधले एजंट साधारणपणे पत्र, एक-दोन पानी सारांश आणि पहिली तीन प्रकरणं मागतात. अमेरिकेत बहुधा पत्र आणि सुरुवातीची पाच-दहा पानं पुरतात.

पत्र एका पानात संपवायचं: नाव, प्रकार, शब्दसंख्या, नायिकेला काय हवंय नि आडवं काय येतंय, शेवटी स्वतःबद्दल दोन ओळी. कथेचा शेवट पत्रात फोडायचा नाही, सारांशात मात्र फोडायचाच. इथेच घोळ होतो. 'पुढे काय होतं ते वाचाच' असं सारांशात लिहिलं, की कथानक शेवटपर्यंत तग धरतं का, हे एजंटला कळणार कसं? पहिल्या कादंबरीला ८० हजार ते १ लाख शब्द ठीक. दीड लाख असतील तर आधी कात्री लावा.

एकगठ्ठा शंभर मेल नकोत. आठ-दहा जणांना पाठवा. सरसकट नकार आले तर पत्र बदला. पूर्ण हस्तलिखित मागवून नकार येत असतील तर दुखणं कादंबरीत आहे. उत्तराला सहा ते बारा आठवडे धरा. अनेक जण नकारसुद्धा कळवत नाहीत, हा उद्धटपणा तिथे रीतसर मानला जातो!

वाचनाचे पैसे मागणाऱ्यापासून काढता पाय घ्या. खरा एजंट पुस्तक विकलं गेल्यावरच कमिशन घेतो: देशात १५ टक्के, परदेशी हक्कांवर बहुधा २०. करारानंतरही पुस्तक दुकानात यायला वर्ष-दोन वर्षं जातात, आणि आगाऊ मानधनही हप्त्याहप्त्यानेच हाती पडतं.